स्थिर माणसाची हजेरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, तुझ्या सगळ्या भीत्या हिच्यात लिहीत जा, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर मला त्या गिळाव्या लागणार नाहीत. बोलताना हसत होता, पण वही खरोखरच विकत आणली होती. तेव्हा लिहिते.

मी जन्मजात भित्री आहे हे खरं. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते. लिफ्टमध्ये गर्दी झाली की पाटीवरचा वजनाचा आकडा वाचते. घरी यायला कुणाला उशीर झाला की माझ्या मनात तो थेट हॉस्पिटलात जाऊन पोचतो. लग्नाच्या दिवशी मांडवाचे खांब हलवून बघितले होते, ते सासरचे लोक अजून सांगतात.

सध्याची भीती मात्र कामाची आहे. आमच्या कंपनीने बंदराच्या कंटेनर यार्डाचं काम घेतलंय. पूर्वी क्रेनचालक उंच केबिनमध्ये बसायचे. आता ते यार्डाबाहेरच्या खोलीत पडद्यांसमोर बसतात आणि कॅमेऱ्यातून बघून क्रेन चालवतात. पण खाली जमिनीवर माणसं लागतातच, कंटेनरच्या कोपऱ्यातली लोखंडी कुलपं लावायला आणि काढायला. त्यांच्या छातीवर एकेक बिल्ला असतो. डोक्यावर कंटेनर यायला लागला की बिल्ला थरथरतो, त्यावरचा लाल दिवा लागतो आणि माणूस पिवळ्या रेघेमागे सरकतो. कॅमेऱ्याचं चित्र आणि बिल्ल्याची थरथर, दोन्ही बिनतारी जातात. ती कशी जावीत हे मी ठरवते.

पडद्यासमोर बसणाऱ्यांत माझा नवरा आहे. खाली कुलपं काढणाऱ्यांत दाजी आहेत, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, आणि तेही नेमके त्याच्याच क्रेनखाली. म्हणजे माझ्याकडून चूक झाली, तर नवऱ्याच्या हातून दाजी जातील. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. लिहिल्याने भीती कमी होते म्हणे. बघू.

११ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? आजवर कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं, म्हणून मीही उत्साहात सांगत बसले.

एका खांबावर पुष्कळ अँटेना असतात. सगळे एकच गोष्ट बोलतात, पण एखादा किंचित आधी, एखादा किंचित नंतर. हे आधी-नंतर नीट जुळवलं, तर सगळ्यांच्या लहरी एका जागी जाऊन एकमेकींत मिळतात आणि तिथे स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्या जागी त्याच लहरी एकमेकींना मारून टाकतात, तिथे चिडीचूप. याला आम्ही बीम म्हणतो. असे कितीतरी बीम एकाच वेळी सोडायचे. ज्याचं त्याला पोचवायचं आणि शेजारच्याला त्यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही, हीच आमच्या कामातली कला.

वन्सं म्हणाल्या, "एवढंच? एकत्र कुटुंबात नांदलेली कुठलीही बाई हे करते."

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. कोण कुठे आहे हे खांबाला कळतं कसं? तर बिल्ला मधूनमधून एक ठरलेली हाक देतो. तिला आम्ही हजेरी म्हणतो. ती हाक कुठल्या पत्र्यावर आपटून, कशी वळून खांबापाशी आली, यावरून खांब परतीचा बीम जुळवतो. हजेरी ताजी असेल तर बीम नेमका जातो. शिळी असेल तर तो भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

"आमच्या ह्यांची हजेरी ताजी ठेव गं बाई," वन्सं जाताना म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मी हसले नाही.

१९ फेब्रुवारी

यार्डातल्या चाचणीत सगळं फसतंय. बिल्ले इतके आहेत की त्यांच्या हजेऱ्या घेण्यातच वेळ जातो. कॅमेऱ्यांना पुरेसा वेळ उरत नाही, चित्र अडखळतं, आणि चित्र अडखळलं की क्रेन थांबते. यार्डप्रमुख आज आमच्या साहेबांना ताडताड बोलले. आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे झालंचसाहेब म्हणतात, कारण काहीही विचारा, त्यांचं उत्तर "झालंच समजा". यार्डप्रमुखांनाही त्यांनी तेच सांगितलं. आता ते होणार कसं हे आम्ही शोधायचं.

२१ फेब्रुवारी

मला सुचलं! आंघोळ करताना सुचलं, तशीच केस निथळत कागद शोधायला धावले.

जो माणूस हलतच नाही, त्याची हजेरी पुन्हा पुन्हा कशाला घ्यायची? कुलूप काढणारा माणूस बराच वेळ एका जागी उकिडवा बसलेला असतो. तो हलला नाही तर त्याची जागा तीच, म्हणजे बीमही तोच. झोपलेल्याला उठवून कुठे आहेस म्हणून विचारण्यासारखं आहे हे. बिल्ल्यात हालचाल ओळखणारा छोटा भाग आहेच. माणूस चालायला लागला की हजेरी भराभर घ्यायची, बसला की अगदी क्वचित. आणि स्थिर बिल्ला गप्प राहिला तर क्रेनचालकाच्या पडद्यावर त्याचा ठिपका हिरवाच ठेवायचा. गप्प म्हणजे ठीक.

माझा सहकारी पुराव्या, जो सकाळ झाली म्हटलं तरी पुरावा मागतो, त्याने दिवसभर बसून कॉम्प्युटरमध्ये नकली यार्ड उभं केलं, नकली माणसं फिरवली, बसवली. एकही थरथर चुकली नाही. कॅमेऱ्यांना भरपूर वेळ मिळाला. झालंचसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

मला कसलीही भीती वाटली नाही. असं फार क्वचित होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

३ मार्च

यार्ड सुरू झालं. नवरा म्हणतो, चित्र आरशासारखं स्वच्छ. दाजींचा ठिपका दिवसभर हिरवा होता. वन्संनी फोन करून कौतुक केलं, म्हणाल्या, हे आता निर्धास्त असतात, सगळ्यांना सांगत सुटलेत की बिल्ल्याचं डोकं आमच्या वहिनीचं आहे. मी लाजले. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

१७ मार्च

ऑफिसात रंगकाम चाललंय. माझ्या टेबलावर नमुन्याचा एक बिल्ला महिनाभर पडून आहे. कोपऱ्यातल्या लहान खांबाशी तो जोडलेला असतो, आणि मधूनमधून मी त्याला थरथरवून बघते, चाळा म्हणून. आज रंगाऱ्यांनी लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवलं. चहा पिऊन आले, बटण दाबलं. बिल्ला ढिम्म.

पुन्हा दाबलं. नाही. बॅटरी भरलेली. उचलून हातात घेतला, तर दोन क्षणांत थरथरायला लागला.

परत ठेवला. रंगाऱ्यांना म्हटलं, कपाट जरा पलीकडे घ्या. आता अलीकडे. ते मला वेडी समजले असणार. तो स्थिर झाला आणि मग कपाट हललं, की दरवेळी बिल्ला मुका.

खुर्चीत बसले. माणूस हलला नाही तर बीम तोच, असं मी म्हटलं होतं. पण बिल्ला हललाच नव्हता, कपाट हललं होतं. खांबापासून बिल्ल्यापर्यंतची वाट एकट्या बिल्ल्याची नसते, आजूबाजूच्या सगळ्या लोखंडाची असते. आणि यार्डात तर दिवसभर लोखंडच हलतं. उकिडव्या बसलेल्या माणसाच्या शेजारी क्रेन एक कंटेनर ठेवते, त्याची सगळी वाट बदलते, बिल्ला स्थिर म्हणून हजेरी देत नाही. मग क्रेन दुसरा कंटेनर घेऊन त्याच्या डोक्यावर येते.

आणि पडद्यावर ठिपका हिरवा.

१८ मार्च

पुराव्याला सांगितलं. त्याने आपलं नकली यार्ड पुन्हा उघडलं आणि बारकाईने चाळलं. त्याच्या यार्डात माणसं हलत होती, कंटेनर जागचे जागी होते. हे त्याला दिसलं असावं. पण तोंडाने म्हणाला, एक टेबल आणि एक कपाट म्हणजे पुरावा नव्हे.

झालंचसाहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, जहाजांची गर्दी ओसरू दे, पुढच्या आवृत्तीत करून टाकू, झालंच समजा. तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये, उगाच यार्डात घबराट पसरेल. आणि जाताजाता, "तुझं नेहमीचंच आहे बाई."

हा शेवटचा टोला वर्मी बसला. कारण मलाही खात्री नाही. गॅसचं बटण दोनदा बघणारी बाई मी. यातली भीती किती आणि हिशेब किती, हे मला स्वतःला वेगळं करता येत नाही. नियम बदलायला साहेबांची परवानगी लागते. माझ्या कॉम्प्युटरवर फक्त एक बटण आहे, चाचणीच्या वेळचं, काढायचं राहून गेलेलं. ते दाबलं की बीम बंद होऊन सगळीकडे सारखी साधी हाक जाते. ती हाक सगळ्यांना पोचते, पण इतकी मंद असते की कॅमेरे बंद पडतात आणि अख्खं यार्ड थांबतं. ते दाबलं तर माझी नोकरी गेलीच.

जेवण गेलं नाही. दाजी वाकून कुलूप काढताहेत असंच सारखं दिसत होतं.

२० मार्च

राहवलं नाही. नवऱ्याला सांगितलं. नीट सगळं सांगितलं, कपाटासकट. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने हातातला टॉवेल घडी करून ठेवला, मग उलगडला, मग परत घडी केली.

"म्हणजे हिरवा ठिपका बघून मी कंटेनर खाली घेतो, तेव्हा दाजी खाली असू शकतात?"

हो म्हटलं. दाजींच्या रांगेत हळू काम कर, कॅमेरा वळवून दोन-दोनदा बघ, आणि कुणाला बोलू नकोस, साहेबांनी शपथ घातल्यासारखं सांगितलंय. वन्संना तर अजिबात नको, त्या रात्रीच्या झोपेला मुकतील. तो बरं म्हणाला.

मनावरचं ओझं उतरलं. ज्याच्या हातात क्रेन आहे नेमकं त्यालाच कळलं, बाकी कुणाला पत्ता नाही. मला वाटतं हे मी बरोबर हाताळलं.

२४ मार्च

दाजी सुखरूप. नवरा हळू काम करतोय. त्याला वरून दटावणी आली म्हणे, तुझे कंटेनर इतरांपेक्षा कमी का. त्याने डोळे दुखतात म्हणून सांगितलं. खोटं बोलता येत नाही त्याला, कान लाल होतात.

मी साहेबांना पुन्हा मेल लिहिली. उत्तर नाही.

२९ मार्च

नवरा हल्ली फार बोलत नाही. येतो, जेवतो, खिडकीपाशी बसून राहतो. काही विचारलं तर मान हलवतो. शांत आहे, म्हणजे सगळं सुरळीत असणार. मीही खोदून विचारत नाही. उगाच माझ्या भीतीची लागण त्याला नको.

३ एप्रिल

आता कुठे लिहायला बसले.

सकाळी चहा घेताना सहज विचारलं, दाजींच्या डाव्या बाजूची कंटेनरची रास उचलली का? तो म्हणाला, मला काय माहीत. मी म्हटलं, म्हणजे? तर कप खाली ठेवून म्हणाला, मला त्या क्रेनवरून काढलंय. हळू काम करतो म्हणून टोकाच्या रांगेला टाकलं. बरेच दिवस झाले. तुला सांगितलं असतं तर तू भीतीने मेली असतीस.

"मग तिथे कोण आहे?"

"आहे एक. हात फार चपळ आहे त्याचा."

"त्याला सांगितलंस ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते कधी विसरणार नाही. "तूच म्हणालीस ना, कुणाला सांगू नकोस."

मी ऑफिसात कशी पोचले ते आठवत नाही. यार्डात फोन न्यायला बंदी आहे, सगळ्यांचे फोन फाटकापाशी कपाटात असतात, त्यामुळे दाजींना कळवायची सोय नव्हती. नवऱ्याची पाळी दुपारची, आणि चालू पाळीत पडद्यांच्या खोलीत बाहेरच्याला सोडत नाहीत, म्हणून तो यार्डप्रमुखांना शोधायला गेला होता आणि ते जहाजावर होते. मी कॉम्प्युटर उघडला. दाजींच्या रांगेत क्रेन भराभर चालू होती. दाजींचा ठिपका हिरवा होता. स्थिर. गप्प.

मी बटण दाबलं.

सगळे बीम मिटले. कॅमेरे एकामागून एक काळे पडले, क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, सगळे बिल्ले एकदम थरथरले. अख्खं बंदर गप्प झालं, फाटकापाशी उभा असलेला नवरा फोनवर होता, त्यातून मला ते ऐकू आलं.

मग कळलं की दाजी तिथे नव्हतेच. त्यांनी बिल्ला जाकिटासकट खुंटीवर टांगला होता आणि ते चहा प्यायला गेले होते.

४ एप्रिल

निलंबनाचं पत्र आलं. झालंचसाहेब ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. एक जहाज अर्धवट माल घेऊन गेलं. पुराव्या जिन्यात भेटला, खाली मान घालून गेला.

मला स्वतःचीच लाज वाटते. रिकाम्या जाकिटासाठी बंदर बंद पाडलं. सगळे म्हणतात तसंच असेल का? मांडवाचे खांब हलवून बघणारी बाई. आणि तरीही डोळे मिटले की तो हिरवा ठिपका दिसतो.

दुपारी वन्सं आल्या, भावाकडून सगळं ऐकून. बसल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "तुला माहीत होतं. माझ्या भावाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस, ह्यांना तर नाहीच नाही. जीव कुणाचा होता गं?"

मी म्हणाले, तुम्हाला काळजी लागू नये म्हणून. त्या म्हणाल्या, काळजी माझी आहे, ती तू कोण वाटून देणारी? आणि गेल्या. इतकी वर्षं त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी दार लावून तिथेच खाली बसले आणि रडले.

५ एप्रिल

नवऱ्याने आज क्रेनला हात लावायला नकार दिला. आधी बिल्ल्याची परीक्षा घ्या, मग काम करतो, म्हणाला. माझा नवरा, जो हॉटेलात गार चहा आला तरी तक्रार करत नाही! त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं उठले. कंटेनर चपळाईने उचलणारा तोही उठला. नवऱ्याने सगळ्यांना सगळं सांगून टाकलंय.

८ एप्रिल

परीक्षा झाली. मला बोलावणं आलं, यार्डात नाही, पडद्याच्या खोलीत. नवरा क्रेनवर, मी त्याच्या खुर्चीमागे. यार्डप्रमुख, साहेब आणि बाकीचे खाली, पिवळ्या रेघेमागे. रांगेत माणूस नाही, नुसता बिल्ला.

पहिल्यांदा पुराव्याने बिल्ला काठीच्या टोकाला बांधून रेघेमागूनच क्रेनखाली धरला आणि नवऱ्याने कंटेनर लांबून आणला. लगेच थरथरला, दिवा लागला. पुन्हा एकदा, पुन्हा थरथरला. ध्वनिक्षेपकावर साहेबांचा आवाज आला, झालंच समजा. मी चुकले असेन असंही वाटलं, आणि खरंच चुकलेली असावी अशी मनापासून इच्छाही झाली.

मी माईक घेतला. म्हटलं, बिल्ला जमिनीवर ठेवा, कुलपाशेजारी, जिथे माणूस बसतो तिथे. सगळे मागे व्हा. आता त्याला जरा वेळ राहू द्या. आता शेजारी एक कंटेनर ठेवा.

नवऱ्याने शेजारी कंटेनर ठेवला. मग दुसरा उचलला आणि बिल्ल्याच्या वर आणला. पडद्यावर ठिपका हिरवा. खाली दिवा लागला का, मी माईकवर विचारलं. सगळे रेघेमागून वाकून बघत होते. नवऱ्याचा हात दांड्यावर होता आणि त्याच्या मानेवर घाम होता. तो कुजबुजला, "खाली घेऊ?" मी घे म्हटलं.

त्याने तो तसाच घेतला, रोज घेतो तसा, एका लयीत. कंटेनर टेकल्याचा धक्का आम्हाला कळला नाही, पडद्यावर फक्त चित्र किंचित हललं. मग पुराव्याचा आवाज आला, अगदी बारीक. दिवा लागला नाही, म्हणाला.

बिल्ल्याचा त्या कंटेनरखाली चुरा झाला होता. पडद्यावर त्याचा ठिपका हिरवा होता. आम्ही बराच वेळ बघत राहिलो, तो हिरवाच राहिला. गप्प म्हणजे ठीक, हा नियम माझा.

नवऱ्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला, नको, आत्ता हात लावू नकोस.

९ एप्रिल

निलंबन मागे. नियम मी सकाळीच बदलला. आता आसपासचं लोखंड हललं की तिथल्या स्थिर बिल्ल्यांचीही हजेरी होते, आणि गप्प बिल्ला पडद्यावर लाल दिसतो. चित्र थोडं अडखळतं. यार्डप्रमुख म्हणाले, अडखळू दे. साहेब मला बघून वाट बदलतात. पुराव्या मात्र आला आणि माझ्या टेबलाजवळ नुसता उभा राहिला. त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं, म्हणून मीच त्याला चहा विचारला.

मला वाटलं होतं, आता भीती जाईल.

११ एप्रिल

संध्याकाळी वन्सं आणि दाजी आले. मी दार उघडलं. वन्सं काही न बोलता आत आल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, म्हणजे राग निवळला असावा. पूर्ण नाही. माझ्याशी बोलताना त्या अजून भिंतीकडे बघतात.

मी दाजींची माफी मागितली. नीट, समोर बसून. ते संकोचले. मोठा माणूस, असल्या गोष्टींची सवय नाही. म्हणाले, "असू द्या वहिनी. तुम्हीच शोधलंत, तुम्हीच थांबवलंत." मग थोडं थांबून, जणू मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बिल्ल्याचा फायदा पण झाला ना. माझी मान किती दुखायची. एवढी वर्षं दर दोन मिनिटांनी वर बघायचं. कंटेनर आला का, दोरखंड हलला का. बिल्ला आला आणि मी ते सोडून दिलं. तुम्ही केलेला म्हटल्यावर कशाला बघायचं वर? एका महिन्यात मान मोकळी झाली."

नवरा म्हणाला, आता पुन्हा बघत जा, दाजी. नवा बिल्ला असला तरी बघत जा.

"बघतो की," दाजी म्हणाले. "पण लक्षात राहत नाही आता. पूर्वी लक्षात ठेवावं लागत नव्हतं."

वन्संनी चहा आणला. चौघं टेबलाभोवती बसलो. कुणीतरी काहीतरी बोलत होतं, बहुतेक मीच, कारण शांतता मला सोसवत नव्हती. तेवढ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी जड पडलं. असं पडलं की छताचा दिवा हलला. मी वर बघितलं. नवऱ्याने वर बघितलं. वन्संनी हातातला कप खाली ठेवून वर बघितलं.

दाजी साखर ढवळत होते.